नाव आणाऽऽ

विद्यापीठाच्या ग्रंथालयात खोकला आला तरी माणसं तोंडाशी रुमाल धरतात. पण तिथल्या डिजिटल संग्रहाच्या दारात उभं राहून मध्येच कुणीतरी खणखणीत ओरडतं, "नाव आणाऽऽ." पाहुणे दचकतात. ग्रंथालय दाखवणारे निवृत्त ग्रंथपाल केळुसकर त्यांना मनसोक्त दचकू देतात आणि मग बाकावर बसवून सांगायला लागतात.

संग्रह नवा होता तेव्हाची गोष्ट. विद्यार्थ्यांचे प्रबंध आणि गावोगावचा इतिहास संगणकावर चढवायला नुकती सुरुवात झाली होती. चारुशीला देवस्थळी नावाच्या मुलीने नदीकाठच्या नावाड्यांवर प्रबंध लिहायला घेतला होता. त्यातलं सगळ्यांत मोठं प्रकरण यशोदा आंबीचं. महापुरात या बाईने अख्खी वाडी आपल्या नावेतून बाहेर काढली, असं सांगतात. चारुशीला तिला भेटायला गेली, तर घराला कुलूप. शेजारीण अंगणात भांडी घासत होती. मान वर न करता ती म्हणाली, "आक्का व्हय? ती गेली की पल्याड."

चारुशीला पडली शहरातली, वळणाची मुलगी. कुणाच्या दुःखात जास्त खोदून विचारू नये, म्हणून ती गप्प राहिली. हात जोडून परत आली आणि प्रबंधात यशोदाच्या नावाआधी 'कै.' लावून मोकळी झाली. परीक्षकांना ते प्रकरण फार आवडलं म्हणे. प्रबंध संग्रहात गेला आणि तिला तिथेच नोकरीही लागली.

मग एका सकाळी डोकं भादरलेला एक माणूस तिच्या टेबलापाशी आला. दत्तू आंबी, आक्काचा मुलगा. गावात पूल झाला तेव्हा नाव मोडीत काढ म्हणून तो आईशी भांडला होता. रागाने गुजरातेत गेला तो ना घरी फिरकला, ना बहिणीला कधी फोन केला. आई गेल्याचं त्याने याच संग्रहात वाचलं होतं, मोबाइलवर. नर्मदेवर सगळं विधिवत करून तो आला होता.

"तुमच्यात तिचा फोटू हाय म्हणं," तो म्हणाला. "भितीला लावीन. दुसरं काय ऱ्हायलंय आता?"

फोटोखाली गेल्याची तारीख हवी म्हणून चारुशीलाने त्या शेजारणीला फोन लावला. आक्का कधी वारली, असं विचारलं.

"मेली? आगं बाई, कोण मेलं? पल्याड म्हंजी लेकीकडं. तिथं अजून पूल न्हाई, म्हणून नाव घिऊन गेली."

चारुशीलाने फोन खाली ठेवला. जित्याजागत्या बाईचं तेरावं आपल्या एका अक्षराने झालं, हे या माणसाला कोणत्या तोंडाने सांगायचं? पण सांगितलं तिने. त्याने भादरलेल्या डोक्यावरून हात फिरवला. ओरडला असता तर बरं, असं तिला वाटत राहिलं.

"भेटंल का ती मला?" एवढंच त्याने विचारलं.

दोघं त्याच दिवशी आक्काच्या लेकीच्या गावासमोर नदीवर गेली. पलीकडच्या काठाला नाव होती आणि नावेत एक पाठमोरी म्हातारी. दत्तू पाण्याच्या कडेपर्यंत गेला. लहानपणी शाळेतून येताना घालायचा तीच हाक त्याने घातली, "नाव आणाऽऽ." म्हातारीने वळूनही पाहिलं नाही. तिने आधी वल्हं उचललं.

नाव काठाला लागली. आक्काने लेकाला ओळखलं, त्याचं डोकं पाहिलं आणि ती पांढरीफटक पडली. वल्हं तिच्या हातातून सुटलं.

"दत्त्या, कोण गेलं रं? सून बरी हाय न्हवं? पोरं?"

चारुशीला मान वर करायलाच तयार नव्हती. दत्तूने चिखलात आईचे पाय धरले.

"कोन न्हाई गेलं, आई. मी आलो."

आजही संग्रहात कुणाच्या नावाआधी 'कै.' चढायचं असेल, तर आधी दारातून ती हाक दिली जाते. ज्याचा प्रबंध, त्याने उत्तर द्यायचं, "कुठं गेले, ते विचारून आलो." ज्याला तसं म्हणता येत नाही, त्याचा प्रबंध थांबतो. परवा केळुसकर हेच सांगत होते तेवढ्यात हाक आली. आतल्या मुलीने उत्तराऐवजी समोरचा प्रबंध मिटला. मग ती बॅग खांद्याला अडकवून एसटी स्टँडच्या दिशेने निघाली.