ओले पंख

नदीकाठच्या एका शाळेत हेमांगी नावाची हुशार मुलगी शिकत होती. पाहुण्यांना फूल द्यायचं असो की फळ्यावर सुविचार लिहायचा असो, बाई तिलाच पुढे करत.

एकदा परवीन नावाच्या अबोल मुलीने लिंबाच्या झाडावरची हिरवी अळी वर्गात आणली. बाईंनी ती काचेच्या बरणीत ठेवली. "हिची काळजी परवीन घेईल," त्या म्हणाल्या. "फुलपाखरू झालं की तीच त्याला सोडेल."

परवीन रोज कोवळी पानं आणी. मुलं तिच्याभोवती गोळा होत. अळीचा कोष झाला तेव्हा तर मुख्याध्यापकांनीही परवीनची पाठ थोपटली. हेमांगीच्या पोटात दुखू लागलं. तिला डब्यातला घास गोड लागेना.

"अळी काय, कुणीही आणली असती," ती मैत्रिणींना म्हणाली. मैत्रिणींचं लक्ष बरणीकडे होतं.

एके दिवशी खेळाच्या तासाला हेमांगी पाण्याची बाटली घ्यायला वर्गात परतली. कोष फुटला होता. फुलपाखरू बरणीतल्या काडीला लटकलं होतं. पंख ओले आणि चुरगळलेले होते. पंख वाळेपर्यंत कुणी हात लावायचा नाही, असं बाईंनी बजावलं होतं. हेमांगीला ते आठवलं. पण परवीन आली की सगळा वर्ग तिच्यासाठी टाळ्या वाजवणार, हेही तिला दिसत होतं. तिने झाकण काढलं, काडी खिडकीबाहेर धरली आणि हलवली.

"जा," ती म्हणाली.

फुलपाखरू खाली कट्ट्यावर पडलं. हेमांगी घाबरून मैदानात पळाली. इकडे त्याचे पंख तसेच दुमडलेले वाळले.

तास संपल्यावर बाईंनी रिकामी बरणी पाहिली. "परवीन, झाकण उघडं ठेवलंस?"

"लावलं होतं, बाई," परवीन म्हणाली आणि रडू लागली.

परवीनला बोलणी बसावीत, असं हेमांगीला कितीदा वाटलं होतं. आता मात्र तिला मान वर करवेना.

"मी काढलं, बाई," ती म्हणाली. "मला तिच्याआधी सोडायचं होतं."

परवीनने बाहेर जाऊन फुलपाखरू शोधलं आणि जास्वंदीच्या फुलावर बसवून आत आणलं. फूल तिने हेमांगीपुढे धरलं. "तूच सोड. माझ्याच्याने होत नाही."

हेमांगीने बोट पुढे केलं. फुलपाखरू त्यावर चढलं. सगळी मुलं तिच्याकडेच बघत होती. त्याने पंख उघडायचा प्रयत्न केला. पुन्हा केला. ते उडालं नाही.

तात्पर्य: दुसऱ्याच्या वाट्याचा आनंद हिसकावला तरी तो आपला होत नाही, त्या ओढाताणीत एखाद्या निष्पाप जिवाचे पंख मात्र कायमचे मोडतात.