ठोकळ्याची आरती

फार पूर्वी एका लोहारशाळेत खंडेनवमीला शिवराम लोहाराने हत्यारांसोबत लोखंडाच्या एका ठोकळ्यालाही चुकून हळदकुंकू वाहिले. दुसऱ्या दिवशी ग्रामदेवतेचा रथ निघायचा होता. रथाचा आस मोडला होता आणि नवा आस याच ठोकळ्यातून घडायचा होता. पण ठोकळा म्हणाला, "मी आता देव झालो. देवाला कोणी भट्टीत घालते काय?"

"चुकलो, देवा," भाता नम्रपणे म्हणाला. "मग आरती तरी स्वीकारा."

ठोकळ्याने ती आनंदाने मान्य केली. भाता फुलला, निखाऱ्यांनी चहूकडून ओवाळले आणि देव लालबुंद झाला. शिवरामने त्याला ऐरणीच्या आसनावर बसवले, तेव्हा घणाने लोटांगणाची परवानगी मागितली.

"एकच घाल," देव म्हणाला. पण घण फार भाविक निघाला. शेवटी पाण्याचा अभिषेक झाला, तोवर देव लांब आणि गोल झाला होता.

"माझे देवपण कुठे गेले?" त्याने क्षीण स्वरात विचारले.

"उद्या कळेल," ऐरण म्हणाली.

दसऱ्याला रथ निघाला. लोक रथापुढे माथे टेकू लागले, तेव्हा चाकांमधून हळू आवाज आला, "वर बघा, बाबांनो. देव तिकडे बसलेत. मला ओझे वाहू द्या."