कोंडाजीची पाठ

“पण त्या कोंड्याच्या पाठीत असं काय आहे महाराज, जे माझ्या पाठीत नाही?” बळवंताने विचारलं.

धरमनाथ महाराज खाटेवर बसून होते. आडवं होता येत नव्हतं. आडवं झालं की धाप लागायची, डोळे पांढरे व्हायचे. फुप्फुसातला कॅन्सर हाडांत उतरला होता. डॉक्टर म्हणाले होते, आजार आता जायचा नाही, त्रास तेवढा कमी करू. गोळ्यांनी दुखणं निवायचं, धाप राहायची. डोळा लागायचा तो कोंडाजीच्या पाठीला पाठ लावून, बसल्या बसल्याच.

कोंडाजी मठाची गुरं राखायचा. एक आरती धड पाठ नाही. अंगाला शेणाचा वास.

आणि बळवंता? कॉलेज अर्धवट फेकून मठात आलेला. महाराजांची चिलीम भरायचा मान एकट्या त्याचा. आता चिलीम सुटली आणि मानही गेला.

बाहेर ओट्यावर मठातली म्हातारी मंडळी बसली होती. “महाराजांनी श्वास जिंकलाय,” म्हणत होती. आत येऊन उष्टी वाटी उचलायला मात्र एकाचे गुडघे वाकत नव्हते.

“गावोगाव प्राणायाम शिकवलात,” बळवंता म्हणाला, “आणि स्वतः चिलीम ओढत बसलात. मी भरून देत होतो. तेव्हा मी जवळचा. आता कोंड्या?”

महाराज हसले. हसू खोकल्यात गेलं. पंच्याला रक्त लागलं.

“खरंय...” ते म्हणाले. “बस.”

बळवंता झटकन खाटेवर चढला. पाठीला पाठ लावली. शिकवलं होतं तसा ताठ बसला, खांबासारखा. महाराज टेकले.

“बरं वाटतंय?”

“हं...”

“धाप कमी झाली ना?”

“...जरा.”

“कोंड्यापेक्षा बरं?”

पाठीमागे नुसती श्वासाची शीळ वाजत होती, फाटक्या भात्यासारखी.

“बोला ना महाराज! सकाळी माझ्या हातची पेजही तशीच ठेवलीत. उद्या खाल ना? माझ्यासाठी?”

“खाईन... रे...”

दोन शब्दांना महाराजांचे खांदे कानांपर्यंत चढले. ओठ निळे पडले. त्यांनी हात उचलून दाराकडे नुसता हलवला.

कोंडाजी आला. “सरक रं बळवंता,” म्हणाला आणि मागे बसला, पोतं टेकवावं तसा. एक जांभई दिली. “बाबा, म्हैस आज लई नाटकं करत व्हती,” एवढं बोलला आणि घोरायला लागला.

महाराजांचे खांदे हळूहळू खाली आले. घोरण्याच्या संथ लयीत त्यांची पाठ वर-खाली होऊ लागली.

बळवंताला राहवलं नाही. “झोपलाय तो, महाराज! तुम्ही टेकलाय याची शुद्ध तरी आहे का त्याला? तुम्हाला कसं वाटतंय, हे एकदा तरी विचारलंय त्यानं?”

महाराजांनी डोळे मिटले होते. एकेक शब्द सुटा करत ते म्हणाले,

“त्याच्यापाशी... मला बरं... वाटावं लागत नाही.”