तीन भिंतींचं नाचघर

बकुळाने नाच खूप पाहिले होते, पण सगळे गुडघ्यापर्यंतच.

तिच्या गावात एक मोठी बाग होती. उन्हाळ्यात ती गुलमोहरांनी लालेलाल आणि बहाव्यांनी पिवळीधम्मक होऊन जायची. बागेच्या मधोमध लाकडी नाचघर होतं, निळ्या छपराचं, सोनेरी कळसाचं. देशोदेशींचे नर्तक तिथे येऊन नाचत. बकुळाची आई दारापाशी बसून मोगऱ्याचे गजरे विके. त्यातून मायलेकींची भाकरी कशीबशी निघे, मग नाचाचं तिकीट कुठून निघणार? पण नाचघराच्या मागच्या भिंतीला, अगदी तळाशी, एक फट होती. बकुळा तिथे पोटावर झोपायची, गाल मातीला लावायची आणि फटीतून आत बघायची. दिसायचे ते नुसते पाय. आळत्याने रंगलेले पाय, रुपेरी घुंगरांचे पाय, मखमली जोड्यांमधले नाजूक पाय. त्यांच्या वर काहीच नाही. हात काय बोलतात, डोळे कुठे वळतात, कोण हसतं, कोण रुसतं, काही म्हणता काही कळायचं नाही.

बरं, तेवढंसुद्धा धड नाही. ढोल घुमायला लागला, पाय भिंगरीसारखे फिरायला लागले, की नेमकी आईची हाक यायची, "बकू, गजरे संपले गं!" नाहीतर पहारेकरी हैबतकाका काठी आपटत यायचे. "ऊठ गं, ऊठ! ही काय झोपायची जागा आहे?"

"मेलं माझं नशीबच गुडघ्याएवढं!" असं म्हणत बकुळा फ्रॉकवरची माती झटकायची आणि पाय आपटत गजरे ओवायला बसायची.

एका दुपारी ती अशीच गुलमोहराखाली बसून रागारागाने कळ्या ओवत होती. एक कळी, दुसरी कळी, तिसरी कळी...

"आई गं!" तिसरी कळी ओरडली.

बकुळाच्या हातून सुई सुटली. कळीला दोन इवलेसे हात होते, मोरपिशी डोळे होते आणि दवासारखे लकाकणारे दोन पंख होते. त्यातला एक सुईने फाटला होता.

"कळी कुठली आणि परी कुठली, एवढंही दिसत नाही का तुला?" ती कडाडली. कडाडली म्हणजे काय, डास गुणगुणावा तेवढाच आवाज. "दुपारी घटकाभर डोळा लागला तर थेट गजऱ्यातच ओवतेस!"

"चुकले गं बाई! फार लागलं का?" बकुळाने हलक्या हाताने दोरा सोडवला. पंखावर फुंकर घातली. मग सगळ्यात बारीक दोरा घेऊन तिने तो पंख असा शिवला, की टाका कुठे आहे ते परीलाही दिसेना. शेवटी दुपारसाठी जपून ठेवलेला गुळाचा खडा तिने परीपुढे धरला. परीने तो सगळा खाल्ला. बोटं चाटली. "लहान होता," म्हणाली.

तिचं नाव होतं टिकली. चोळीवर लावतात त्या चमचमत्या टिकलीएवढीच ती होती.

"आता ऐक," टिकली म्हणाली. "तू मला सोडवलंस, शिवलंस आणि स्वतःचा घास दिलास. म्हणजे आता मला तुझी एक इच्छा पुरी करावी लागणार. नसती कटकट आहे, पण नियम म्हणजे नियम. ती पुरी झाल्याशिवाय मला घरी जाता येत नाही. बोल पटकन. सोनं? राजवाडा?"

"नाच!" बकुळा उडीच मारून म्हणाली. "मला नाच बघायचाय. पुढून! डोक्यापासून पायापर्यंत, पहिल्या ठोक्यापासून शेवटच्या नमस्कारापर्यंत, आख्खा!"

"एवढंच? जगात म्हणशील तिथे नेईन. मी देईन त्या खुर्चीत बसायचं आणि नाच संपेपर्यंत उठायचं नाही. उठलीस की थोड्याच वेळात आपण परत इथे. अशी तीन वेळा नेता येईल. चौथ्यांदा नाही."

"नुसतं बसायचंच ना? त्यात काय अवघड आहे!" बकुळा म्हणाली.

टिकलीने टाळी वाजवली. चंदेरी भुकटी उडाली आणि पापणी लवायच्या आत बकुळा एका बर्फाळ शहरात पोचली. मोठ्ठं नाट्यगृह, लाल मखमली खुर्च्या, छतावर काचेच्या दिव्यांचं झुंबर. बगळ्यांसारख्या पांढऱ्याशुभ्र मुली पायाच्या अंगठ्यांवर उभ्या राहून नाचणार होत्या. बकुळा पहिल्या रांगेत होती. पडदा अजून उघडायचा होता.

पण सवय कुठे जाते? तिची नजर गेली पडद्याखालच्या फटीकडे. तिथे सगळे पाय जागच्या जागी थिरकत होते. एकच पाऊल थांबलेलं होतं. त्या पावलावरचा जोडा लोंबत होता.

"टिकली, तिची फीत तुटलीय!"

"असू दे. बस."

"अगं, पण ती पडेल!"

"बकुळा! बस म्हणते ना!"

बकुळा पडद्याखालून केव्हाच आत शिरली होती. आत वेरा नावाची चिमुकली मुलगी रडकुंडीला आली होती. तिची सुई मोडली होती. बकुळाने कमरेची सुई काढली आणि फीत शिवायला घेतली. शिवता शिवता ती बघत राहिली. त्या गुलाबी जोड्यांची टोकं लाकडासारखी टणक होती. मुली ती जमिनीवर आपटून आपटून मऊ करत होत्या, पाय घसरू नये म्हणून तळव्यांना राळेची पूड चोळत होत्या. वेराच्या अंगठ्यांना कापूस गुंडाळलेला होता आणि त्या कापसावर रक्ताचे लाल ठिपके होते.

"दुखत नाही?" बकुळाने विचारलं.

"नाचताना नाही. नंतर," वेरा म्हणाली आणि हसून धावली. वाद्यं वाजली, पडदा वर गेला आणि बकुळा धपकन गुलमोहराखाली पडली.

"काय पाहिलंस?" टिकली कमरेवर हात ठेवून विचारत होती. "एवढ्या थंडीत माझे पंख काकडले, आणि पाहिलंस काय? पाय!"

"पायच!" बकुळाने कपाळावर हात मारला. "पुन्हा पायच गं!"

दुसऱ्या खेपेला टिकलीने तिला खुर्चीला बांधूनच टाकलं, तिच्याच गजऱ्याच्या दोऱ्याने, चांगले वेढे देऊन.

हे बेट होतं, बाली नावाचं. देवळाच्या अंगणात पितळी वाद्यं टिणटिणत होती. सोनेरी वस्त्रांतल्या लहान मुली रांगेने उभ्या होत्या. त्यांच्या मुकुटांवर चाफ्याची ताजी फुलं बारीक तारांवर डुलत होती. मान हलली की सगळा मुकुट शहारायचा. बकुळाने श्वास रोखून धरला. आता, आता सुरू होणार!

तेवढ्यात समुद्रावरून वारा सुटला. एका मुलीच्या मुकुटावरची सगळी फुलं भुर्रकन उडाली. मुकुट सजवणारी म्हातारी आजी थरथरत्या हातांनी फुलं वेचायला लागली, पण एक वेचावं तर दोन पुढे पळत होती.

टिकलीने डोळे मिटून घेतले. तिला ठाऊकच होतं. डोळे उघडले तर बकुळा खुर्चीसकट, कासवासारखी, अंगणातून तुरुतुरु पळत होती आणि फुलं गोळा करत होती.

"मी उठले नाही हं!" ती धापा टाकत ओरडली. "खुर्ची माझ्या पाठीलाच आहे!"

"उठणं म्हणजे उठणं!" टिकली किंचाळली. शेवटचं फूल तारेवर बसलं, मुलीच्या ओठांवर हसू आलं आणि पुन्हा धपकन गुलमोहर.

टिकली एका पानावर पाठ फिरवून बसली. बकुळा गवत उपटत राहिली. शेवटी तीच म्हणाली, "या वेळी मी कुण्णाकडे बघणार नाही. सुई इथेच ठेवते. शप्पथ."

तिसऱ्या खेपेला स्पेन देश होता. संत्र्याच्या झाडांचं अंगण होतं, मावळतीचं केशरी ऊन होतं आणि एक म्हातारा गिटार छेडत होता. झालरींचा लालभडक घागरा घातलेली एक बाई पुढे आली. तिने हात उचलला, आणि बकुळाला पहिल्यांदाच कळलं की हातसुद्धा गाऊ शकतात. बोटं पंख्यासारखी उलगडत गेली. भुवई चढली. मग टाचा वाजल्या. जोड्यांच्या तळाला ठोकलेले बारीक खिळे फळ्यांवर पाऊस पडल्यासारखे ताडताड बोलू लागले. रागावलेल्या माणसाने इतकं सुंदर दिसावं! बकुळा हसत होती, रडत होती आणि खुर्ची घट्ट धरून बसली होती. टिकलीनेही सुटकेचा निःश्वास टाकला.

तेवढ्यात बकुळाच्या पोटरीला काहीतरी लागलं. तिने खाली पाहिलं. मागे गर्दी होती, आणि त्या गर्दीतून सरपटत आलेली एक छोटी मुलगी जमिनीवर पोटावर झोपून बकुळाच्या खुर्चीखालून बघत होती. गाल फरशीला लावून. तिला फक्त टाचा दिसत होत्या.

बकुळाने मान वळवली. पुन्हा नाचाकडे पाहिलं. पुन्हा खाली पाहिलं.

"नको," टिकली कानात कुजबुजली. "बकुळा, हे शेवटचं आहे. नको गं राणी."

"मला माहितीये," बकुळा म्हणाली. मग ती उठली. तिने त्या मुलीला उचलून खुर्चीत बसवलं, आणि त्या मुलीचे डोळे बशीएवढे मोठे होताना मात्र तिने पाहिले. तेवढंच.

गुलमोहराखाली आल्यावर ती हुंदके देऊन रडली. "अशी कशी गं मी? नुसतं बसायचं होतं!"

"बसताच येत नाही तुला!" टिकलीचेही डोळे भरून आले होते, पण आवाज चढलेलाच होता. "आणि माझं काय? तीन वेळा नेऊन झालं. इच्छा कुठे पुरी झाली? मी आता घरी जाऊ कशी? जन्मभर तुझ्या गजऱ्यात राहू?" ती हवेत तरातरा येरझारा घालू लागली. "जगात कुठेही नेलं तरी तू बघणार काय, तर कुणाचं काय तुटलंय आणि कोण बाहेर राहिलंय. तुला आत नेऊन उपयोगच नाही! बाहेरच कुणी राहता कामा नये..."

ती मध्येच थांबली. मग वळली आणि नाचघराच्या मागच्या भिंतीकडे बघू लागली.

"तुला *नेता* येत नाही," ती सावकाश म्हणाली. "पण भिंत नेता येते."

आत मणिपूरचे नर्तक नुकतेच उभे राहत होते. टिकली सूर मारून भिंतीवर गेली आणि तिने एका फळीला हात लावला. फळीचे काजवे झाले. दुसरीचे झाले, तिसरीचे झाले. बघता बघता अख्खी भिंत सोनेरी काजव्यांचा थवा होऊन उडाली, आणि रंगमंच बागेसमोर उघडा झाला. आरशांनी लखलखणारे गोल घागरे, पातळ झिरझिरीत ओढण्या, गळ्यात ढोल अडकवलेले पुरुष! चणेवाला आला, माळी आला, बागेतली सारी पोरं आली. आई उरलेले गजरे टोपलीत टाकून धावत आली आणि लेकीला मांडीशी घेऊन हिरवळीवर बसली.

नर्तक बागेकडे वळले आणि ढोल वाजले. ढोलवाले चक्राकार उड्या घेऊ लागले, घागरे कमळांसारखे तरंगू लागले. आणि कडेला उभ्या असलेल्या एका ढोलवाल्याचा पट्टा गाठीपाशी सुटायला लागला.

बकुळा अर्धी उठली.

तिच्या खांद्यावर एक जड हात पडला. "तू बस गं पोरी," हैबतकाका म्हणाले. "मी बघतो." त्यांनी काठी गवतावर टाकली, लगबगीने कडेला गेले आणि गाठ घट्ट आवळून दिली.

बकुळा बसली. डोक्यापासून पायापर्यंत, पहिल्या ठोक्यापासून शेवटच्या नमस्कारापर्यंत तिने नाच पाहिला. आख्खा.

नर्तक वाकले, तेव्हा तिच्या केसांपाशी काहीतरी चमचमलं. "सुटले बाई एकदाची!" टिकली पुटपुटली, आणि बकुळाच्या गालाला चिमुकला पापा देऊन सोनेरी उजेडात विरघळून गेली.

त्या नाचघराला आजही तीनच भिंती आहेत. चौथी बांधायला सुतार आले होते म्हणतात. पण नाच सुरू झाला, आणि तेही हिरवळीवर बसले.