दहाला एक

“दहा डबे ताजं आणि एक डबा जुनं. असं मिसळलं तर कुणाला कळणार आहे?”

प्रमदा घरतने हे विचारलं तेव्हा हनोकबाबा अंगणात बसून रिकामे डबे पुसत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“जुनं म्हणजे कसं?”

“थोडं… उतरलेलं.”

“खवट.”



चौलच्या बाजूला, नारळी-पोफळीच्या वाड्यांमध्ये, हनोकबाबा वाकरूळकरांचा घाणा होता. बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या ज्यू लोकांचा त्या भागातला हा शेवटचा घाणा. पूर्वी गावोगाव त्यांचे घाणे चालत आणि शनिवारी ते घाण्याला हात लावत नसत, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. बाबांचं वय ऐंशीच्या पुढचं. बोलणं कमी. पण त्यांच्याकडचं खोबरेल वर्षभर पिंपात राहिलं तरी झाकण काढताच नुकत्याच फोडलेल्या नारळासारखा वास येई. दोन तालुक्यांत हे सगळ्यांना माहीत होतं.

प्रमदा शेजारच्याच गावची. तेरा वर्षं साबणाच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत काढलेली. गावी परत येऊन तिने विजेवरचा घाणा टाकला. सतरा घरच्या बायकांनी व्यापाऱ्याला नकार देऊन आपले नारळ तिच्याकडे दिले. पहिल्याच हंगामात तिने बारा पिंपं तेल पुण्याच्या एका औषधी तेलवाल्याला पाठवलं. अडीच महिन्यांनी बाराच्या बारा पिंपं परत आली. सोबत चिठ्ठी होती. तिच्यावर एकच शब्द होता: खवट.

तिने हे कुणाला सांगितलं नाही. पिंपं मागच्या पडवीत ताडपत्रीखाली ठेवली आणि हनोकबाबांकडे आली. तेल टिकवायचं कसं, हे तिला शिकायचं होतं. बाबांनी मात्र आधी विचारलं, की परत आलेल्या तेलाचं काय करणार?

त्यावर तिचं हे दहाला एक.

“मी हिशेब केलाय, बाबा,” ती म्हणाली. “इतक्या थोड्या प्रमाणात वास लागत नाही. मी केमिस्ट आहे.”

“तेल आणलंयस?”

तिने पिशवीतून बाटली काढली. लिटरभर होतं.

बाबा उठले. आतून एक भरलेला डबा उचलून आणला. पंधरा किलोचा, गेल्याच आठवड्यात गाळलेला. त्यातलं थोडं तेल त्यांनी काढून घेतलं आणि त्या जागी तिची बाटली ओतली. सगळी.

प्रमदा पुढे झाली.

“हे… हे तुमचं विक्रीचं तेल होतं.”

“होतं.”

“मग कशाला बिघडवलंत?”

“बिघडलं का? तू म्हणालीस, वास लागत नाही.”

तिने वाकून वास घेतला. खरंच लागत नव्हता. स्वच्छ, गोड वास होता.

बाबांनी त्या डब्यावर खडूने फुली मारली. शेजारी बिनफुलीचा तसाच दुसरा डबा ठेवला. दोन्ही एकाच फळीवर, एकाच सावलीत.

“पाऊस येण्याआधी उघडू,” ते म्हणाले. “तोवर शिकायचं असेल तर सकाळी ये.”

मार्च चालू होता.

*

ती रोज येऊ लागली. सकाळी सहाला घरून निघायची, सायकलवरून.

पहिले चार-पाच दिवस बाबांनी तिला तेल दाखवलंच नाही. खोबऱ्याच्या वाट्या उन्हात पसरायच्या, दुपारी उलटायच्या, ऊन कलायच्या आत झाकायच्या. एवढंच.

“खोबरं सुकवणं मला येतं,” ती दुसऱ्या दिवशी म्हणाली. “यंत्र आहे माझ्याकडे ओल मोजायचं.”

बाबांनी एक वाटी तिच्या हातात दिली. “मोड.”

तिने मोडली. वाटी आधी वाकली, मग तुटली.

त्यांनी दुसरी दिली. ही कट्‌ करून तुटली.

“तू कुठली घाण्यात घातली होतीस?”

तिला आठवत होतं. तेलवाल्याचा रोज फोन येत होता. यंत्राचा आकडा हवा त्यापेक्षा थोडा वर होता. थोडाच. तिने तो वहीत लिहिला होता, आणि तरी घाणा चालू केला होता.

“वाकणारी,” ती म्हणाली.

“हं.”

 तिने यंत्राचा विषय पुन्हा काढला नाही.

पहिल्याच शनिवारी ती नेहमीसारखीच आली. घाणा बंद. बाबा धुतलेल्या कपड्यांत ओटीवर बसलेले.

“आज काय करायचं?”

“आज काही नाही.”

“मग दिवस वाया जाणार.”

बाबांनी आतल्या अंधाऱ्या खोलीकडे बोट दाखवलं. तिथे नव्या तेलाचं पिंप उभं होतं. चार दिवसांपूर्वी भरलेलं. वरचा थर नितळ झाला होता, खाली गाळ बसत होता.

“त्याचं चाललंय,” ते म्हणाले. “तू मध्ये जाऊ नकोस.”

ती तासभर ओटीवर बसून राहिली. हातांना काम नसलं की काय करावं, हे तिला तेरा वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. शेवटी ती उठली. बाबांनी तिला पाणी विचारलं, आणि ती घरी गेली. पुढच्या शनिवारी तिने सायकल काढलीच नाही.

हळूहळू ती शिकत गेली. तेल तीन आठवडे निवळू द्यायचं, गाळ ढवळू द्यायचा नाही. वरचं नितळ तेवढंच काढायचं, फडक्यातून दोनदा. मग पळीभर तेल चुलीवर धरून ऐकायचं. तडतडलं तर पाणी आहे, आणखी थांबायचं. पिंप सोड्याने धुवायचं, तीन उन्हं द्यायची. काठोकाठ भरायचं, कारण मोकळ्या जागेत हवा राहते, आणि हवेने तेल बिघडतं. फळीवर ठेवायचं, फरशीवर नाही.

यातलं बहुतेक तिला पुस्तकातून ठाऊक होतं. तिला त्याचाच राग यायचा.

“बाबा, हे सगळं मला माहीत होतं,” एक दिवस पिंप पुसता पुसता ती म्हणाली.

“मलाही वाटलंच.”

“मग माझं तेल का गेलं?”

बाबांनी तिच्याकडे पाहिलं.

“ते तुला माहीत आहे,” ते म्हणाले, आणि घाण्याकडे वळले.

*

मेच्या शेवटी आभाळ भरून यायला लागलं. त्या दिवशी बाबांनी दोन्ही डबे अंगणात आणले.

“उघड.”

तिने आधी बिनफुलीचा उघडला. नारळाचा वास आला, ताजा.

मग फुलीचा. झाकण पुरतं निघायच्या आतच तिला कळलं. तोच वास. पडवीतल्या ताडपत्रीखालचा. तिची बाटली लिटरभराची होती. गेला होता अख्खा डबा.

ती झाकण हातात धरून उभी राहिली.

“रसायनशास्त्रात हे आहे,” ती हळूच म्हणाली. “बिघडलेलं तेल चांगल्याला ओढतं. मी परीक्षेत लिहिलंय हे.”

बाबांनी बिनफुलीच्या डब्याचं झाकण लावलं.

“पंधरा किलो तेल घालवलंत तुम्ही. माझ्यासाठी.”

“तू किती घालवणार होतीस?”

बारा पिंपं. दहाला एक. म्हणजे एकशे वीस पिंपं आणखी. सतरा घरांचे कितीतरी हंगाम. आणि ते तेल कुणाच्या तरी लहान बाळाच्या टाळूवर गेलं असतं.

तिने झाकण खाली ठेवलं. सायकल घेतली आणि सरळ आपल्या गावात गेली.

*

त्याच दुपारी तिने सतराही घरच्या बायकांना आपल्या अंगणात बोलावलं. पडवीतली ताडपत्री ओढून बाजूला टाकली. एक पिंप उघडलं.

कुणाला सांगावं लागलं नाही. दोघीतिघींनी पदर नाकाला लावला.

“हे फेब्रुवारीत परत आलं,” प्रमदा म्हणाली. “खोबरं पुरतं सुकलं नव्हतं. मला दिसत होतं. मी घाई केली. आणि तीन महिने तुमच्यापासून लपवून ठेवलं.”

चांगुणाकाकी त्यांच्यातली सगळ्यात मोठी. तिच्याच शब्दावर बाकीच्या आल्या होत्या. ती पिंपाजवळ आली, बोट बुडवलं, दोन बोटांत चोळून पाहिलं.

“आमच्याच झाडांचं आहे हे,” ती म्हणाली. “आम्हाला आधी सांगायचंस.”

“हो.”

“आता काय करणार याचं?”

“कपड्यांचा साबण करणारा एक आहे रोह्याला. खवट आहे हे सांगूनच देणार. तो घेईल.”

“आणि त्याने नाही घेतलं तर?”

“तर दिव्यांना वापरू. पण चांगल्या तेलात एक थेंब जाणार नाही.”

 मग चौघी उठल्या आणि निघून गेल्या. त्यांनी पुढच्या हंगामात नारळ व्यापाऱ्यालाच दिले. प्रमदाने त्यांना अडवलं नाही.

तेरा जणी राहिल्या. चांगुणाकाकी उठता उठता म्हणाली, “पाऊस आठ दिवसांवर आहे. सुकलेलं खोबरं पडलंय माझ्या माळ्यावर. तेल काढायचं असेल तर उद्याच काढ.”

“आधी मोडून बघते,” प्रमदा म्हणाली.

तिने बघितलं. काकीच्या माळ्यावरचं निम्मं खोबरं वाकत होतं. ते तिने बाजूला ठेवलं, आणि तेही काकीच्या देखत. काकीला ते आवडलं नाही. पण दुसऱ्या दिवशी काकीच ते पुन्हा उन्हात घालताना दिसली.

पावसाआधी जेमतेम तीन पिंपं झाली. साबणवाल्याने खवट तेल नेलं. पुण्याच्या तेलवाल्याचा फोन आला, जुनं झालं ते झालं, नवं असेल तर लगेच पाठवा. घाण्यातून निघून तेलाला पाच दिवस झाले होते.

“अजून सोळा दिवस लागतील,” ती म्हणाली.

“तोवर मी दुसरीकडून घेईन.”

“घ्या.”

त्याने घेतलं. त्या रात्री ती जेवली नाही, पण पिंपाला हात लावला नाही. एकविसाव्या दिवशी नितळ काढलं, पळी धरून कान दिला, काठोकाठ भरलं, झाकणं ठोकली. सगळा पावसाळा ती तीन पिंपं फळीवर उभी होती. बाहेर भिंतींना बुरशी चढत होती. तिला रोज वाटायचं, एक उघडून बघावं. तिने उघडलं नाही.

*

दसरा होऊन गेला, ऊन स्वच्छ पडलं, तेव्हा तिने पहिलं पिंप उघडलं. मग आत जाऊन एक रिकामा डबा आणला.

दुसऱ्या दिवशी ती डबा घेऊन हनोकबाबांकडे आली. बाबा आता काठी धरून चालत होते. ओटीवर बसले होते. तिने डबा त्यांच्यासमोर ठेवला आणि झाकण काढलं.

“चार महिने, बाबा. अख्खा पावसाळा,” ती म्हणाली. “बघा ना रंग. चांगुणाकाकी म्हणते, तिच्या आजीच्या वेळचा वास आहे. अलिबागच्या एका वैद्यांनी तिन्ही पिंपं मागितलीत, वर्षभर आमच्याकडूनच घेणार म्हणतात. गेलेल्या चौघींपैकी एक परवा विचारायला आली होती. मी खवटपणाचा आकडाही तपासला, वहीत लिहिलाय. इतका कमी आकडा मी कारखान्यातही कधी पाहिला नव्हता. आणि गंमत म्हणजे मी यात काहीच वेगळं घातलं नाही, फक्त…”

बाबा ऐकत होते. त्यांनी वाकून वास घेतला नाही. बोट बुडवलं नाही. ती बोलायची थांबेपर्यंत ते डब्याच्या उघड्या तोंडाकडे बघत राहिले…

“बाबा, कसं झालंय? सांगा ना.”

“आधी झाकण लाव,” ते म्हणाले. “आत हवा जातेय.”