वेशीवर अडलेला ‘सेट’
एका गावात म्हणे शब्दांनासुद्धा वेशीवर अडवत. परमुलखातला शब्द आला की राखणदारीण त्याचा एक अर्थ पाटीवर लिहायची. दुसऱ्या कुठल्या अर्थाने तो पुन्हा आला, की आल्या वाटेने माघारी! चिठ्ठ्यासुद्धा तिच्या नजरेखालून जायच्या. बाई महाकडक. लेकीचं नाव निघालं की मात्र डोळ्यांना पदर लावायची. लेक लग्न होऊन दूर शहरात गेली, त्याला सहा महिने झाले होते आणि एका ओळीचाही निरोप नव्हता.

एके दिवशी हलवाई धापा टाकत आला. "बाई, नवा इंग्रजी शब्द आणलाय! सेट! माझं दही सेट झालं!"

"म्हणजे?"

"म्हणजे असं लागलं, की मडकं उपडं केलं तरी हलणार नाही!"

तिने लिहून टाकलं, ‘सेट म्हणजे दही लागणे’. संपला विषय.

कसला संपतोय! घड्याळजी म्हणाला, "मी घड्याळं सेट करतो." त्याला तिने हाकललं. कपबश्यांचा सेट घेऊन आलेली बोहारीण बडबडत परत गेली. मग तर कमालच झाली! नाटकवाले दोन बैलगाड्या भरून सेट घेऊन आले, रंगवलेला अख्खा राजवाडा! पोरं आनंदाने नाचायला लागली.

"राजवाडा आत आणा, शब्द बाहेर ठेवा," राखणदारीण म्हणाली.

नाटकवाले रुसले आणि राजवाड्यासकट मागे वळले. पोरांनी भोकाड पसरलं.

तेवढ्यात टपालवाला धावत आला. "बाई, लेकीची चिठ्ठी!"

तिने ती घाईघाईने उघडली आणि मोठ्याने वाचू लागली. "आई, आधी फार रडले गं. आता शेजारणी जिवाभावाच्या झाल्यात. घोर लावून घेऊ नकोस. मी इथे सेट झाले."

टपालवाल्याने चाचरत हात पुढे केला. "बाई, नियमाप्रमाणे... माघारी नेऊ?"

तिने पाटीकडे पाहिलं, चिठ्ठीकडे पाहिलं. लेकीचं म्हणणं तिला कुणी समजावून सांगायला नको होतं. चिठ्ठी उराशी धरून तिने पदराने अख्खी पाटी पुसून काढली. रडतही होती, हसतही होती.

"अरे, बघता काय? पळा! त्या राजवाडेवाल्यांना हाका मारा! आज नाटक झालंच पाहिजे!"

तात्पर्य: शब्द अडवण्याआधी तो कोण, कशासाठी बोलतंय ते ऐकावं, नाहीतर आपल्याच माणसाचा निरोप आपल्याच दारातून परत जातो.