अंगणात आखलेली वेबसाइट

“मग… सापडला का दवाखाना?”

विहारातले भिक्खू, भन्ते उपसेन, शेताच्या धुऱ्यावर, बांधावर उभे होते. आवाज त्यांनी चढवला नव्हता, तरी प्रशिकचा अंगठा फोनवर आणखी भराभर फिरू लागला.

“वेबसाइट उघडतेय, भन्तेजी. थोडं थांबा.”

“बरं.”

हातातला फोन त्याच्या मामांचा, जुना. तो देण्याआधी भन्तेंनी त्याला धानाच्या बांधीत, पाणी भरलेल्या वाफ्यात उतरवलं होतं आणि दोन्ही हात चिखलात बुडवायला लावले होते. काहून, ते काही सांगितलं नव्हतं. आता अंगठा काचेवरून घसरत होता, ऊन डोळ्यांत जात होतं, आणि पडद्यावर ते मेलं चक्र नुसतं गरगरत होतं.

मग केस दिसले. मग कपाळ. मग डोळे…

सुलकनमामीचे डोळे.

आई गेल्यावर प्रशिकला हिनंच वाढवलं. गेल्या वर्षी याच बांधीत, धानाच्या रोपांची रोवणी करताना, साप तिच्या हाताला चावला. मामांनी तिला गाडीवर घेऊन जवळचा दवाखाना गाठला. तिथं सापाची लस संपलेली. पुढच्या दवाखान्यात होती, पण मामी तिथवर पोचली नाही. आता पुन्हा रोवणीचे दिवस आले होते.

म्हणून ही वेबसाइट. आज कोणत्या दवाखान्यात लस आहे आणि फोन कुणाला करायचा, एवढं सांगणारी. तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंनी रोज सकाळी साठा कळवायचं कबूलही केलं होतं.

भन्ते उपसेन भिक्खूचं चीवर घेण्याआधी पुण्यात लोकांना वेबसाइटी आखून द्यायचे, कोणत्या पानावर काय ते आधी कागदावर चौकोनांत मांडून. प्रशिक त्यांच्याकडे शिकायला आला तेव्हा ते एकच बोलले होते. “वर्षावास लागेपर्यंत कॉम्प्युटरला हात लावू नको. आधी आख.” वर्षावास म्हणजे पावसाळ्यात भिक्खूंनी एका जागी राहायचा काळ. तो आषाढ पौर्णिमेला लागतो.

पण ऐकतो कोण! आमच्या गड्यानं नागपुरात कॉम्प्युटरचा कोर्स केलेला. ज्याला बनवता येत नाही त्यानं चौकोन काढत बसावं, असा त्याचा हिशेब. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! त्यानं अख्खी वेबसाइट बांधून टाकली. उघडताच मामीचा भला मोठा फोटो. मागं बासरी. मग सरपटत जाणारा साप, मग विहाराची माहिती, मग मान्यवरांच्या शुभेच्छा. आज पौर्णिमा होती. संध्याकाळी वंदना झाल्यावर मामांच्या हातून उद्घाटन, अशी आमंत्रणंही गावभर गेली होती.

आणि उद्यापासून गावच्या बाया बांधीत उतरणार होत्या.

“सापडला?”

“फोटो येतोय अजून.”

भन्ते धुऱ्यावर खाली बसले. मग सावकाश आडवे झाले. चीवराचं टोक चिखलात गेलं.

“अहो भन्तेजी! हे काय?”

“मला साप चावलाय. तू शोध… मी आहे तोवर.”

त्यांनी डोळे मिटले.

प्रशिकनं घाईनं अंगठा ओढला तर शुभेच्छाच आल्या. मागं गेला, तर पुन्हा चक्र, पुन्हा केस, पुन्हा कपाळ. ज्या फोटोसाठी त्यानं एवढा जीव टाकला होता, तोच आता सरकता सरकेना. नाटकच आहे हे, असं तो मनाला बजावत होता. पण मनाला कुठं पटत होतं? बासरी वाजतच होती.

“सापडला! भन्तेजी, सापडला! नंबर पण आहे!”

भन्ते हलले नाहीत.

“भन्तेजी?”

“भन्तेजी!”

तो चिखलात गुडघ्यांवर बसला आणि त्यांचा खांदा गदागदा हलवू लागला. तेव्हा कुठं भन्तेंनी डोळे उघडले.

“कुणाला उठवतोस? मी मघाशीच गेलो.”

प्रशिकला रडू फुटलं. लाज वाटली, रागही आला.

“मग काय, बंद करू? काहीच नसण्यापेक्षा काहीतरी बरं ना! उद्या बाया उतरणार बांधीत!”

“गेल्या वर्षी मामांकडेही काहीतरी होतं,” भन्ते म्हणाले. “पहिला दवाखाना.”

प्रशिकनं फोन बंद केला.

दोघं विहाराच्या अंगणात परत आले. हातपाय धुतल्यावर प्रशिकनं हळूच विचारलं, “संध्याकाळचं काय करायचं?”

“विहाराच्या भिंतीवर डॉक्टरीणबाईंचा नंबर लिहू. चुन्यानं, लांबून दिसेल असा. उद्घाटन मामाच करतील.”

“आणि वेबसाइट?”

भन्तेंनी चुलीतला कोळसा त्याच्या हातावर ठेवला आणि अंगणाच्या फरशीकडे बोट दाखवलं.

“आख.”

लहानपणी पोरी टिक्करबिल्ल्याला, ठिकरी टाकून लंगडत खेळायला, आखतात तसे चौकोन प्रशिक आखू लागला. एक चौकोन म्हणजे वेबसाइटचं एक पान. पार पलीकडे, विहाराच्या पायरीपाशी, त्यानं दवाखाना काढला. आखताना त्याची नजर सारखी फाटकाकडे जात होती. मामा आले आणि वेबसाइट आज उघडणार नाही हे त्यांना कळलं, तर काय वाटेल त्यांना?

आणि मामा आलेच. देवाजीमामा, धुतलेला सदरा घातलेले, हातात झेंडूचा हार. फोटोला घालायला आणला होता.

“का होय हे?” मामांनी फरशीकडे पाहत विचारलं.

“देवाजी, या पहिल्या चौकोनात उभे राहा,” भन्ते म्हणाले. “घरच्यांना साप चावलाय.”

“भन्तेजी, मामांना नको!” प्रशिक कळवळला. “पाया पडतो, मामांना नको!”

मामांनी चपला काढल्या.

“राहू दे, बाबू. राहतो मी उभा.”

ते चौकोनात शिरले.

“इथं का हाय?”

“मामीचा… मामीचा फोटो, मामा.”

मामांनी खाली पाहिलं. फरशी कोरी होती. तरी ते पाहत राहिले.

“पुढं चला ना, मामा.”

“कसा जाऊ बा…”

प्रशिक गुडघ्यांवर बसला. त्यानं मामांचे पाय हळूच बाजूला केले आणि तो चौकोन स्वतःच्या तळहातानं पुसून काढला. पुसताना तो हमसून हमसून रडत होता. मग त्याच जागी त्यानं नवा चौकोन आखला आणि त्यात फक्त दवाखान्याचं नाव आणि नंबर लिहिला.

“आता चला, मामा.”

मामा निघाले आणि अडखळले. “चष्मा नाही ना बाबू. हे बारीक कोण वाचते?”

भन्तेंनी टाचेनं चौकोन पुसला.

प्रशिकनं मोठ्या अक्षरांत लिहिलं. मामा पुढं सरकले. “अन् लस आहे का नाही, ते कुठी लिवलं? का मागच्यासारखंच जाऊन पाहू?”

भन्तेंनी पुन्हा टाच फिरवली.

ऊन उतरत आलं. वंदनेची वेळ होत आली, फाटकापाशी माणसं जमू लागली. मामांच्या हातून घेतलेला हार पायरीवर पडून होता. प्रशिकची बोटं काळी झाली होती, गुडघे सोलले होते, आणि पायरीपाशी काढलेल्या त्या दवाखान्यापर्यंत मामा अजून एकदाही पोचले नव्हते.

कोळशाचा शेवटचा तुकडाही संपला. प्रशिकनं मान वर केली.

“भन्तेजी… किती वेळा पुसायचं?”

भन्तेंनी चुलीतून दुसरा कोळसा आणला आणि त्याच्या हातावर ठेवला.

“मामी पोचेपर्यंत.”